प्रवाशाची तपासणी : कशासाठी, कोणाच्या खर्चाने आणि कोठवर?

परदेशाहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांच्या आरोग्यतपासणीचे नियम, हा विषय नांदेड-लातूरच्या मंडळींपुढे मांडावयाचा म्हटला म्हणजे पहिला प्रश्न हा येतो की, आपल्याला त्याचे काय? विमाने मुंबईला उतरतात, हैदराबादला उतरतात. आपण येथे आडत बाजारात, गिरणीच्या दारात, एस्. टी.च्या थांब्यावर. परंतु १३ डिसेंबर २०२१ रोजी राज्यात ओमायक्रॉन या नव्या प्रकाराचे जे दोन रुग्ण जाहीर झाले, त्यांपैकी एक पुण्याचा होता आणि एक लातूरचा. दोघेही दुबईचा प्रवास करून आलेले होते. दुबई आणि लातूर यांमध्ये किती अंतर आहे हे नकाशावर पाहू नये. ज्या घरातला मुलगा तिकडे कामाला आहे त्या घरात विचारावे. मराठवाड्यातून आखाती देशांत पोटासाठी जाणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. तेव्हा विमानतळावरचा नियम हा आपल्या गल्लीतलाच नियम आहे.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. त्यामुळे कोणताही नियम समोर आला की त्याला तीन प्रश्न विचारण्याची आम्हांला सवय लागली आहे. हा नियम कशासाठी? याचा खर्च कोण सोसणार? आणि हा उठणार केव्हा? साथ जोरात असताना हे प्रश्न विचारण्यास कोणाला फुरसत नसते. साथ ओसरू लागते आणि निर्बंध सैल होऊ लागतात, तेव्हा मात्र ते विचारलेच पाहिजेत.

नियम कोठून आले

प्रवाशाला वेशीबाहेर थांबविण्याची चाल फार जुनी आहे. युरोपात प्लेगच्या भीतीने भूमध्य समुद्रावरील बंदरांनी जहाजांना दूर उभे करावयास प्रारंभ केला. १३७७ साली रागुसा येथे तीस दिवसांचा नियम झाला. पुढे व्हेनिसकडे ते दिवस चाळीस झाले. ‘क्वारंटाइन’ हा शब्द या चाळीस दिवसांवरूनच आला. त्या काळी रोगाचे जंतू कोणाला ठाऊक नव्हते, तपासणीचे साधन नव्हते. होती ती एकच युक्ती : माणसाला थांबवा, तो मरतो की जगतो ते पाहा, मग आत घ्या.

पुढे आगबोटी आणि आगगाड्या आल्या. चाळीस दिवस माल अडकला तर व्यापार बुडतो, आणि न अडविला तर पटकी घरात शिरते, अशा पेचात सापडलेल्या राष्ट्रांनी १८५१ साली पॅरिस येथे पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरविली. तेव्हापासूनचा सारा वाद एका वाक्यात सांगता येतो : रोग तर अडावा, पण रहदारी अडू नये.

या वादाची झळ आपल्या लोकांना १८९६-९७ साली लागली. मुंबईत प्लेग सुरू झाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला आणि त्यात रेल्वेने अगर अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा व संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार घेतला. त्याच वर्षी युरोपातील राष्ट्रे व्हेनिसला जमली आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांवर त्यांनी नजर रोखली. मुंबईहून हजला जाणारी यात्रा त्या साली थांबविण्यात आली. पुण्यात घरोघर जी झडती झाली तिचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाला, हे आपण शाळेत वाचलेले आहे. त्या प्रसंगातून आम्ही एवढेच घेतो की, तपासणी लोकांना नकोशी होते ती तपासणी म्हणून नव्हे. ती ज्या रीतीने होते त्या रीतीमुळे. माणसाचा मान राखून विचारले तर माणूस तोंड उघडून दाखवितो. दरडावून विचारले तर तो रोग लपवितो.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने करोनासाठी जो कायदा लागू केला तो हाच १८९७ चा. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने इंग्रजी कायद्याच्या कक्षेबाहेर होता. सव्वाशे वर्षांनी तो याच कायद्याखाली आला.

तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही

आता तपासणीची गोष्ट पाहू. ‘आरटी-पीसीआर’ हे नाव गेल्या काही वर्षांत आपल्या आजीबाईंच्याही तोंडी बसले. नाकातून किंवा घशातून कापसाच्या काडीवर नमुना घेतात आणि त्यात विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा अंश आहे की काय ते यंत्रात पाहतात. अंश अगदी थोडा असला तरी यंत्र त्याच्या असंख्य प्रती करून तो दाखविते. हे तिचे सामर्थ्य होय.

परंतु तिच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, आज लागण झालेल्या माणसाच्या नाकात आजच विषाणू सापडेल असे नाही. मधे काही दिवस जातात. या दिवसांत केलेली तपासणी ‘नाही’ म्हणते, आणि दोन दिवसांनी तोच माणूस खोकू लागतो. दुसरी मर्यादा याच्या उलट आहे. रोग बरा झाल्यावर, दुसऱ्याला लागण्याची भीती संपल्यावरही, विषाणूचे मेलेले तुकडे कित्येक आठवडे शरीरात राहू शकतात आणि तपासणी ‘आहे’ म्हणते. म्हणजे तपासणीचा कागद हा माणसाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. अमुक दिवशी, अमुक वेळी, या काडीवर काय सापडले, एवढेच तो सांगतो.

आणि नुसता ताप मोजणे ही तर त्याहूनही कच्ची पारख. याचे उदाहरण नांदेडचेच आहे. मार्च २०२० मध्ये पंजाबातून हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले सुमारे चार हजार यात्रेकरू टाळेबंदीमुळे येथे अडकून पडले. महिनाभर त्यांची सोय गुरुद्वाऱ्याने व नांदेडकरांनी केली. एप्रिलच्या अखेरीस पंजाबातून बसगाड्या आल्या आणि त्यांना घेऊन गेल्या. निघताना लक्षणे पाहिली गेली, ताप पाहिला गेला. परंतु प्रत्येकाच्या घशातील नमुना घेतला गेला नव्हता. पंजाबात पोहोचल्यावर नमुने घेतले तेव्हा हजाराहून अधिक जण बाधित निघाले. मग लागण नांदेडला झाली की वाटेत, यावर दोन राज्यांतील पुढाऱ्यांत बरीच वादावादी झाली. वाद कोणी जिंकला याला महत्त्व नाही. ज्यांना ताप नाही, खोकला नाही, तेही रोग वाहून नेऊ शकतात. आणि हातात धरलेले तापमापक ते सांगू शकत नाही, हा त्यातला धडा आहे.

त्या पहिल्या दिवसांत आपल्याकडचे नमुने बाहेर, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत जात. पुढे नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. ज्या गावात प्रयोगशाळा नाही त्या गावाला तपासणीचा नियम लावणे म्हणजे विहीर नसलेल्या गावाला पाणी भरण्याची सक्ती करणे होय. हे वाक्य आम्ही त्या काळी सभांतून पुष्कळ वेळा बोललो, आणि आजही त्यात बदल करण्याचे कारण दिसत नाही.

निर्बंध कसे सैल झाले

भारताने २३ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद केली आणि नेहमीची वाहतूक २७ मार्च २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात विशेष विमाने आणि निवडक देशांशी झालेले करार यांवर काम चालले. नियम किती वेळा बदलले हे प्रवाशालाही मोजता येत नसे. ते उठत कसे गेले, तेवढे क्रमाने सांगतो.

११ जानेवारी २०२२ पासून परदेशाहून येणाऱ्या प्रत्येकाला सात दिवस घरात राहणे आणि आठव्या दिवशी तपासणी करून घेणे भाग होते. महिन्याभरातच, १४ फेब्रुवारी २०२२ पासून, ही अट गेली. तिच्या जागी चौदा दिवस स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवा, एवढी सूचना राहिली. निघण्यापूर्वी ७२ तासांच्या आत घेतलेल्या नमुन्याचा अहवाल, किंवा भारताशी परस्पर मान्यता असलेल्या ८२ देशांपैकी एखाद्या देशातील पूर्ण लसीकरणाचा दाखला, यांपैकी एक पुरेसा झाला. उतरल्यावर शेकडा दोन प्रवाशांचा नमुना सरसकट निवडीने घेत आणि त्यांना जाऊ देत. २२ नोव्हेंबर २०२२ पासून ‘एअर सुविधा’ या संकेतस्थळावर अर्ज भरण्याची सक्तीही गेली. डिसेंबरात चीनमध्ये साथ पुन्हा भडकली तेव्हा २४ डिसेंबरपासून शेकडा दोनांचे नमुने पुन्हा सुरू झाले, आणि १ जानेवारी २०२३ पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर व थायलंड येथून येणाऱ्यांना निघण्यापूर्वीचा अहवाल आवश्यक झाला. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी ती अट उठली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे सांगितले, आणि २० जुलै २०२३ पासून भारताने शेकडा दोनांचे नमुनेही थांबविले.

या तारखांत एक अर्थ आहे. नियमांचे तीन प्रकार असतात. पहिला, सर्वांना अडविणे. दुसरा, कागद पाहून निवडून आत घेणे. तिसरा, कोणालाही न अडविता थोड्यांचे नमुने घेऊन बाहेरून काय येत आहे यावर लक्ष ठेवणे. रोग देशात नसतो तेव्हा पहिला प्रकार काही दिवस उपयोगी पडतो, कारण तयारीला वेळ मिळतो. रोग घरोघर पसरल्यावर तो निरर्थक होतो. पूर आल्यावर न्हाणीचे दार लावण्यासारखा. तिसरा प्रकार मात्र स्वस्त आहे आणि शहाणा आहे. शेकडा दोनांत रोग सापडला म्हणून रोग थांबत नाही. परंतु सापडलेल्या विषाणूची जनुकीय रचना तपासून नवा प्रकार आला की नाही हे कळते. निर्बंध सैल करणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. दार उघडावे आणि ओसरीवर कोणीतरी जागे असावे, असा त्याचा अर्थ.

खर्च कोणाचा?

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. नियमाची भाषा सर्वांना सारखी असते. त्याचे ओझे सारखे नसते.

महाराष्ट्रात खाजगी प्रयोगशाळेतील आरटी-पीसीआरचा दर २०२० च्या प्रारंभी ४५०० रुपयांपर्यंत होता. शासनाने तो टप्प्याटप्प्याने खाली आणला. ३१ मार्च २०२१ रोजी तो ५०० रुपये झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये ३५० रुपये. दरावर अंकुश ठेवला तर दर उतरतो, हे येथे सिद्ध झाले. पण विमानतळाच्या आतला हिशेब निराळा होता. संयुक्त अरब अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना निघण्यापूर्वी काही तासांच्या आत शीघ्र चाचणी विमानतळावरच करण्याची अट घातली होती. मुंबई विमानतळावर २०२१ साली या चाचणीला ४५०० रुपये पडत. पुढे ते ३९०० झाले. दुबईची ही अट फेब्रुवारी २०२२ मध्ये उठली. बाहेर साडेतीनशे, आत चार हजारांच्या घरात! कंपनीच्या कामाने जाणाऱ्या साहेबाचे बिल कंपनी देते. गवंडीकाम करावयास जाणारा आपला मुलगा तेच पैसे सावकाराकडून उचलतो.

वेळेचाही हिशेब असाच. अनेक देशांना ७२ तासांच्या आतला अहवाल लागे, आणि हे तास अहवाल हाती आल्यापासून नव्हे, तर नमुना दिल्यापासून मोजत. नांदेडच्या माणसाने सोमवारी सकाळी आठला नमुना दिला. मंगळवारी संध्याकाळी अहवाल मिळाला. रात्रीच्या गाडीने निघून बुधवारी सकाळी तो मुंबईत उतरला. विमान बुधवारी रात्री अकराला. म्हणजे ६३ तास गेले. विमान दहा तास उशिरा सुटले की कागद रद्द, पुन्हा नमुना, पुन्हा पैसे. अंधेरीत राहणाऱ्याला हाच नियम जाचत नाही, कारण त्याची प्रयोगशाळा आणि त्याचे विमानतळ यांत मैला-दोन मैलांचे अंतर. मुंबईला बसून केलेला नियम आणि मराठवाड्यातून पाळावयाचा नियम यांत एवढे अंतर पडते.

याबाबत जगाचा कायदा काय म्हणतो? १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासाच्या आरोग्याचे नियम एकत्र केले. १९६९ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली हे नाव मिळाले आणि २००५ साली सुधारलेली नियमावली १५ जून २००७ पासून अमलात आली. तिचे ४० वे कलम आम्ही पुन्हा पुन्हा वाचले आहे. सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी या नियमावलीखाली प्रवाशाची जी वैद्यकीय तपासणी होईल, त्याला जे वेगळे ठेवले जाईल, त्याबद्दल राष्ट्राने त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत, असे ते सांगते. वाचून बरे वाटते. पण कलमाच्या आरंभीच एक अपवाद आहे : तात्पुरत्या वा कायमच्या वास्तव्यासाठी येणारे प्रवासी यांतून वगळले आहेत. म्हणजे आठ दिवसांच्या सहलीला जाणाऱ्याला फुकट तपासणीचे संरक्षण, आणि दोन वर्षे मजुरी करावयास जाणाऱ्याला ते नाही! ज्याला संरक्षणाची गरज अधिक, तोच नेमका कुंपणाबाहेर.

हा नुसता कायद्याचा कीस नाही. करोनाच्या आधीपासून आणि करोनानंतरही आखाती देशांत कामाला जाणाऱ्याला ठरवून दिलेल्या केंद्रांतच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. छातीचा फोटो, रक्त, सारे काही. आणि बहुधा स्वतःच्या पैशाने. आमच्या कचेरीत असे कागद घेऊन येणारे पुष्कळ असतात. कोणा मध्यस्थाने एकाच तपासणीचे दोनदा पैसे घेतलेले असतात, तर कोणाला नापास झाल्याचे कळते पण कशामुळे ते कोणी सांगत नाही. ही तपासणी रोग रोखण्यासाठी आहे, की बाजारात बैलाचे दात पाहावेत तसे मजूर पारखण्यासाठी, असा प्रश्न तो माणूस विचारतो. त्याला आम्ही अजून समाधानकारक उत्तर देऊ शकलेलो नाही.

याच काळात दुसऱ्या रीतीनेही काम झाले, हे सांगितले पाहिजे. १७ एप्रिल २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने ऊसतोड कामगारांना गावी परत जाण्याची परवानगी दिली. त्यांची आरोग्यतपासणी करणे आणि त्यांना गावी पोहोचविणे ही जबाबदारी साखर कारखान्यांवर टाकण्यात आली. पुढच्याच महिन्यात परराज्यांत परतणाऱ्या मजुरांना गाडीत बसण्यासाठी वैद्यकीय दाखला लागू लागला, दवाखान्यांपुढे रांगा लागल्या आणि दाखल्याला पैसे पडू लागले. तेव्हा शासनाने ती अट काढून जागच्या जागी मोफत तपासणी करण्याचे ठरविले. ज्याच्या कामासाठी माणूस प्रवास करतो त्याने, किंवा ज्याच्या रक्षणासाठी तपासणी आहे त्या समाजाने, खर्च सोसावा. हे तत्त्व उसाच्या फडाला लागू पडते, तर विमानतळाला का पडू नये?

तपासणी नकोच का?

कोणी म्हणेल, मग एवढी कटकट कशाला, सारे नियम काढून टाका. आमचे म्हणणे तसे नाही. पीतज्वराचे उदाहरण घ्या. हा रोग आफ्रिकेच्या व दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत आहे, भारतात नाही; परंतु तो पसरविणारा एडिस डास आपल्या प्रत्येक कुंडीत आणि टायरात आहे. म्हणून त्या प्रदेशांतून येणाऱ्याकडे लसीचा दाखला मागतात, आणि तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. लस टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो. येथे कारण स्पष्ट, कालावधी ठरलेला, आणि एकदा केलेला खर्च पुन्हा करावा लागत नाही. असा नियम वर्षानुवर्षे राहिला तरी त्याबद्दल तक्रार होत नाही.

दुसरे कोणी म्हणतील, गाफील राहू नका, नियम राहू द्या. त्यांना आम्ही जकातनाक्याची आठवण देतो. नाका बसविताना कारण असते. पुढे कारण जाते आणि नाका राहतो, कारण त्याच्यावर कोणाचा तरी संसार चालू झालेला असतो. आरोग्य नियमावलीच्या ४३ व्या कलमानेही हे ओळखले आहे. नियमावलीपेक्षा जादा बंधन घालणाऱ्या राष्ट्राने त्याला शास्त्रीय आधार दाखवावा आणि तीन महिन्यांच्या आत त्याचा फेरविचार करावा, असे ते म्हणते. २०२४ साली या नियमावलीत दुरुस्त्या झाल्या आणि १९ सप्टेंबर २०२५ पासून त्या बहुतेक देशांना लागू झाल्या. ‘महासाथीची आणीबाणी’ अशी नवी पायरी त्यांत आली. पुढच्या साथीची तयारी जगाने मांडावयास घेतली आहे, हे चांगलेच झाले. त्या तयारीत मजुराचा शब्द पडला पाहिजे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रवाशाच्या तपासणीचा प्रत्येक नियम काढताना त्याचे कारण मराठीत, साध्या शब्दांत लिहिलेले असावे. तो केव्हा उठेल वा केव्हा पुन्हा पाहिला जाईल ती तारीख त्याच कागदावर असावी. तासांची मुदत ठरविताना जिल्ह्याच्या गावापासूनचा प्रवास त्यात धरावा. विमानतळाच्या आत आणि बाहेर तपासणीचा दर एकच असावा. आणि रोजगारासाठी जाणाऱ्याची तपासणी त्याला कामावर घेणाऱ्याच्या खर्चाने व्हावी, तिचा निकाल कारणासह त्याच्या हातात पडावा.

यांतील एकही मागणी डॉक्टरांच्या विरुद्ध नाही, शास्त्राच्या विरुद्ध नाही. नमुना घ्यावा, जरूर घ्यावा. मात्र काडी नाकात घालण्यापूर्वी, ती कशासाठी हे त्या माणसाला सांगावे आणि तिचे पैसे त्याच्या खिशातून काढू नयेत. एवढे झाले तर पुढच्या साथीत लोक तपासणीपासून पळणार नाहीत. आपण होऊन रांगेत येऊन उभे राहतील.